एक हात, एक नाव

माझ्याच फोनने मला सकाळी सकाळी ‘नमस्कार, दिगंबर दत्ताराम रेडीज’ असं म्हटलं, तेव्हा मला आधी हसूच आलं. दिगंबर हे माझ्या नवऱ्याचं नाव. ते त्या वेळी मागच्या पडवीत दात घासत होते आणि त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला होता. मी सुचेता, त्यांची बायको, चहाचं आधण ठेवून माझ्या स्वतःच्या फोनवर विजेचं बिल बघत होते. वाटलं, काहीतरी नवीन अपडेट आलं असेल, गडबडला असेल बिचारा. बंद करून पुन्हा उघडला तर पुन्हा दिगंबर. गॅसच्या ॲपमध्ये गेले तिथे दिगंबर, दवाखान्याच्या ॲपमध्ये दिगंबर, माहेरच्या भावंडांनी मिळून काढलेल्या ग्रुपच्या ॲपमध्येसुद्धा दिगंबर. शेवटी वाण नोंदणीचं ॲप उघडलं आणि हसू कुठल्या कुठे गेलं. तिथे लिहिलं होतं: पीक कोकम, वाणाचं नाव चैत्री, वाण विकसित करणारी व्यक्ती दिगंबर दत्ताराम रेडीज.

चैत्री माझी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे बरेच दिवस मला हेच एक वाक्य निरनिराळ्या लोकांना आणि यंत्रांना सांगत फिरावं लागलं.

कोकमाचं फळ, आमचा रातांबा, पिकतो मे महिना संपता संपता. त्याची सालं मीठ लावून चांगल्या कडक उन्हात वाळवावी लागतात, तेव्हा कुठे आमसूल होतं. आणि नेमका त्याच वेळी पाऊस येऊन उभा राहतो. दरवर्षी निम्मा माल झाडाखाली कुजतो. आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या परड्याच्या कडेला एक झाड होतं, ते चैत्रातच लाल व्हायचं. वाकडं होतं, फळ बेताचं होतं, सासरे ते तोडायला निघाले होते. मी म्हटलं, राहू दे. त्या झाडाच्या काड्या घेऊन मी कलमं बांधायला लागले. पहिली कलमं फुकट गेली, कारण कोकमाची आडवी फांदी घेतली की कलमही जमिनीवर आडवंच पसरत जातं. उभी वाढणारी काडी शोधायला झाडावर चढावं लागतं. चढले. मोठ्या सालाची, रसरशीत झाडं निवडून त्यांच्याशी संकर केले, रोपं वाढवली, नर निघालेली काढून टाकली. कोकमात नराचं झाड फळ देत नाही, नुसती जागा अडवतं. एका तपाहून जास्त काळ हे चाललं होतं आणि घरात त्याला ‘सुचेताचं खूळ’ असं नाव होतं. आता त्या खुळाला फळं लागली होती, तज्ज्ञ येऊन बघून गेले होते, आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर नोंदणी कायमची होणार होती. एकदा कायम झाली की नावात काही बदल होत नाही.

मी ह्यांना हाक मारली. फोन दाखवला. ह्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले की चष्मा आत राहिलाय, तूच वाच. मी वाचून दाखवलं. त्यावर ह्यांनी चहा झाला का ते विचारलं.

*

काय झालंय ते आमच्या ऋजुताने समजावून सांगितलं. ऋजुता आमची मुलगी, पुण्यात असते, लोकांसाठी ॲपं बनवते. तिचं सगळं बोलणं मला कळतं असं नाही, पण त्या दिवशी तिने शांतपणे, मला कळेल असं सांगितलं.

पूर्वी प्रत्येक ॲप आपापलं दार आपणच बनवायचं. बँकेचा पासवर्ड वेगळा, विजेचा वेगळा. बनवणारा अर्धवट असला तर दारात फट राहायची आणि चोर आत यायचे. मग एका कंपनीने तयार दार काढलं. नाव ‘उंबरा’. नाव विचारण्याचा चौकोन, खाली बटण, आणि आत माणूस ओळखण्याची सगळी यंत्रणा. ॲप बनवणाऱ्याने कोडच्या फक्त तीन ओळी आपल्या ॲपमध्ये चिकटवायच्या, की दार बसलं. वरचा रंग हवा तो द्यावा, बँकेचा निळा, दवाखान्याचा हिरवा. आतला सांगाडा एकच. सुताराकडून चौकट घडवून घेण्याऐवजी आपण दुकानातून आणतो, तसंच. फरक इतकाच की ही चौकट बसवल्यानंतरही आपल्या मालकाशी बोलत राहते. ऋजुता स्वतः महिन्याला कितीतरी ठिकाणी हा उंबरा चिकटवते.

आणि हा उंबरा पासवर्ड विचारत नाही. चेहरा आणि आवाज नकली करणं हल्ली शाळकरी पोरांच्याही हातचा मळ झालाय, बोटांचे ठसे तर केव्हाच चोरीला गेले. म्हणून तो बघतो हातवळण. अंगठा काचेवर किती जोराने टेकतो, एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ घेतो, कुठे अडखळतो, कुठली चूक पुन्हा पुन्हा करून पुन्हा पुन्हा खोडतो. शिवाय प्रत्येकाच्या हाताला एक बारीक थरथर असते, डोळ्याला न दिसणारी, आणि तिची लय माणसागणिक वेगळी असते. हे सगळं मिळून जे होतं त्याची नक्कल अजून कुणाला जमलेली नाही. आपल्याला काही वेगळं करावं लागत नाही. आपण फोन वापरत राहायचं, तो आपल्याला शिकत राहतो.

इथवर सगळं छान होतं. पण भामटे लोक दहा नावांनी दहा खाती काढतात म्हणून कंपनीने उंबऱ्यात नवीन नियम घातला: एक हात, एक नाव. दोन नावांमागे एकच हातवळण सापडलं, तर ती दोन नावं म्हणजे एकच माणूस. जुनं नाव ठेवायचं, नवं त्यात विलीन करायचं. पूर्वी अशी चूक एका बँकेत झाली असती. आता दार सगळीकडे एकच असल्यामुळे एका पहाटे ती सगळीकडे झाली.

“आई, तू आणि बाबा एकच आहात असं त्याला वाटतंय,” ऋजुता म्हणाली.

कसं वाटणार नाही? ह्यांच्या फोनला हात कुणाचा लागतो? माझा. पहिल्यापासून. फोन ह्यांचा, खातं ह्यांचं, आणि ‘अगं, हे काय आलंय बघ जरा’ म्हणून पुढे केलेला हात ह्यांचा. पुढचं सगळं मी. ह्यांची बँक, ह्यांचा सात-बारा, ह्यांच्या आमसूल संस्थेचे ठराव, ‘प्रगतिशील बागायतदार’ म्हणून ह्यांना जो पुरस्कार मिळाला त्याचा अर्ज, इतकंच काय, माझ्या वाढदिवसाला ह्यांच्या नावाने आलेल्या शुभेच्छासुद्धा मीच पाठवलेल्या. उंबऱ्याने जो दिगंबर रेडीज शिकून घेतला, तो माझा अंगठा होता. माझं स्वतःचं खातं मी नंतर काढलं, चैत्रीसाठी. म्हणून नवं ते मी. मी ह्यांच्यात विलीन झाले.

मी ऋजुताला म्हटलं, एवढी शिकलेली माणसं तुमच्या त्या कंपनीत, कुणाच्या डोक्यात आलं नाही हे? ती म्हणाली की त्यांच्यात सगळे आपापला फोन आपणच वापरतात. आमच्या वाडीत मात्र निम्म्या बायका त्या सकाळी उठल्या त्या आपापले नवरे होऊन. समोरच्या शुभांगी भिंगार्ड्यांना तर त्याचं काही वाटलंच नाही. काम अडत नाही ना, मग झालं, असं त्यांचं म्हणणं. माझं अडलं होतं.

*

तक्रार करायची तर तक्रारीच्या पानावर जायला उंबरा ओलांडावा लागतो. ओलांडला. आत एक गोड आवाजाची यंत्रबाई बसलेली.

“दिगंबरजी, आपली अडचण सांगा.”

मी सांगितलं की मी दिगंबर नाही.

“समजलं, दिगंबरजी. आपल्या नावाविषयी तक्रार आहे का?”

मी म्हटलं, बाई, मी त्यांची बायको आहे. त्यावर तिने सांगितलं की दुसऱ्या व्यक्तीच्या वतीने तक्रार करता येत नाही, संबंधित व्यक्तीने स्वतः उंबरा ओलांडून यावं. म्हणजे सुचेताने यावं. आणि सुचेता म्हणून यायला गेलं की ती मला दिगंबर म्हणणार. मी तीनचार वेळा पुढून-मागून समजावलं. दर वेळी ती म्हणे समजलं, आणि दर वेळी शेवटी दिगंबरजी. शेवटी मी तिला नाही नाही ते बोलले. तिने माझ्या सहकार्याबद्दल दिगंबरजींचे आभार मानले. मी फोन तांदळाच्या डब्यावर आदळला आणि परड्यात जाऊन एका कलमाखालचं सगळं तण उपटून काढलं.

मग म्हटलं, माणसाकडे जावं. जिल्ह्याच्या ठिकाणी वाण नोंदणीचं कार्यालय आहे, तिथे गुरसाळे म्हणून अधिकारी आहेत. ह्यांना बरोबर घेतलं. दोघं समोर उभे राहिलो की आंधळ्यालाही दिसेल की ही दोन माणसं आहेत, असा माझा हिशेब.

गुरसाळेसाहेब भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरची उंबऱ्याची काच माझ्याकडे सरकवली. मी दोन ओळी लिहिल्या. काच म्हणाली, नमस्कार, दिगंबर दत्ताराम रेडीज. मग काच ह्यांच्याकडे सरकवली. ह्यांनी आधी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. मग एका बोटाने, दाराची घंटा वाजवावी तसं, काचेवर दाबलं. काच आधी फिरतं चाक दाखवत राहिली. मग म्हणाली, हा हात ओळखीचा नाही.

“बघा,” मी म्हटलं, “यांना उंबरा ओळखतच नाही आणि मला यांच्या नावाने ओळखतो. आता तरी पटलं?”

गुरसाळेसाहेबांनी मान हलवली. वयाप्रमाणे हात बदलतो, असं बऱ्याच ज्येष्ठांच्या बाबतीत होतंय, असं त्यांनी ह्यांना समजुतीच्या सुरात सांगितलं. हे अजून साठीलासुद्धा आलेले नाहीत. मग म्हणाले की नियमाने त्यांना पडद्यावर दिसतं तेच नाव धरावं लागतं. पडद्यावर रेडीजसाहेबांचं नाव आहे, रेडीजसाहेब स्वतः समोर बसले आहेत, मग अडचण नेमकी कोणती? आणि त्यांनी उठून ह्यांचा हात हातात घेतला.

“अभिनंदन, साहेब. लवकर येणारं कोकम म्हणजे कोकणावर उपकार आहेत तुमचे.”

मी ह्यांच्याकडे बघत होते. आता सांगतील, आता म्हणतील की साहेब, हे हिचं काम आहे. एवढंच म्हणायचं होतं. माझ्या मनात खरोखर शंका नव्हती.

“आपले आशीर्वाद आहेत,” हे म्हणाले.

*

परत येताना गाडीत मी हातखंब्याच्या फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मला एवढा राग आला होता की तोंड उघडलं तर रडू येईल अशी भीती वाटत होती, आणि रागाच्या जागी रडू आलेलं मला चालत नाही. ह्यांनी चहासाठी गाडी थांबवली. चहा घेता घेता म्हणाले, एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यासमोर वाद कुठे घालायचा, म्हणून शिष्टाचार पाळला.

मी म्हटलं, शिष्टाचाराने चैत्री तुमची झाली.

“अगं, नाव कुणाचं का लागेना, घरातच राहतंय ना. रेडीजांचंच आहे. तुझं काय, माझं काय.”

“मग माझं लागू दे,” मी म्हटलं.

ह्यावर त्यांनी आणखी एक चहा सांगितला. माणूस वाईट नाही, हे मी कुणाहीसमोर सांगेन. मला कधी टाकून बोलले नाहीत, मुलीला शिकवायला मागेपुढे पाहिलं नाही, मी झाडावर चढायचे तेव्हा खाली शिडी धरून उभे राहायचे. पण शिडी धरणं आणि नाव सोडणं यात फरक आहे, हे त्या दिवशी मला त्या चहाच्या टपरीवर कळलं आणि फार लागलं.

*

वाट ऋजुतानेच शोधली. उंबऱ्याचे नियम तिने मुळापासून वाचून काढले. विलीन झालेल्या नावांपैकी कुठलं नाव मुख्य ठेवायचं, हे तो हात एकदा, एकदाच, बदलू शकतो. विनंती हाताने करायची, आणि सध्याच्या मुख्य नावाच्या फोनवर संमतीचा निरोप जातो. संमती मिळाली की सगळ्या ॲपांमध्ये नाव फिरतं. माझी बँक, माझं कोकम, सगळं माझं.

“आणि बाबांचं?” मी विचारलं.

बाबांचं नाव मग कुठल्याच हाताशी जोडलेलं राहणार नव्हतं. त्यांना नव्याने नोंदणी करावी लागणार होती, नवखा माणूस म्हणून. उंबरा त्यांचा हात शिकणार, त्याला काही आठवडे लागणार, तोवर प्रत्येक गोष्ट त्यांनी स्वतः करायची. ते झालं की जुनी खाती कागद दाखवून परत जोडता येतात. काही बुडत नाही. नुसता उशीर होतो.

पण उशीर हीच तर गोष्ट होती. शुक्रवारी चैत्रीची मुदत संपत होती. आणि त्यानंतरच्या सोमवारी ह्यांच्या आमसूल उत्पादक संस्थेच्या निवडणुकीची उमेदवार पडताळणी होती. ह्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. बरीच वर्षं मनात होतं आणि या वेळी जमेल अशी चिन्हं होती. पडताळणी उंबऱ्यावरच होते. फोन आत न्यायला परवानगी होती आणि पडताळणीच्या वेळी मी नेहमीप्रमाणे शेजारी बसणार होते, म्हणजे दिगंबर रेडीज व्यवस्थित ओळखले गेले असते.

मुदतीच्या त्या आठवड्यातल्या सोमवारीच मी ह्यांना सगळं सांगितलं होतं, अगदी सोप्या भाषेत. ह्यांनी ऐकून घेतलं आणि निवडणूक तेवढी होऊ दे म्हणाले. मी म्हटलं, निवडणुकीनंतर चैत्री कायमची तुमच्या नावावर असेल. त्यावर म्हणाले, बघू. बुधवारी पुन्हा विचारलं. बघू. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शुक्रवारी सकाळी पोहे वाढताना मी सांगितलं की आज शेवटचा दिवस आहे, मी आज विनंती टाकते आहे. ह्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं.

दुपारी जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरातून माझ्या फोनवरून विनंती पाठवली. हात कापत होता. मला वाटलं, थरथर बदलली म्हणून आता हा मलाही ओळखायचा नाही. ओळखलं.

हे बाहेर झोपाळ्यावर बसून अध्यक्ष झाल्यावर करायचं भाषण मनातल्या मनात म्हणत होते. बाजूला ठेवलेला त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला, लांब धरला, जवळ धरला, आणि मला हाक मारली.

“अगं, हे काय आलंय बघ जरा. चष्मा आत राहिलाय.”

मी पदराला हात पुसून बाहेर आले. फोन घेतला. मला तिथल्या तिथे बटण दाबता आलं असतं. आजवर कितीतरी बटणं मी अशीच दाबली होती आणि ह्यांनी कधी विचारलं नव्हतं की कशाचं. पण हे मला चोरून करायचं नव्हतं. मी ह्यांच्या समोर उभी राहिले आणि वाचलं, शब्द न् शब्द.

“आपल्या हाताचे मुख्य नाव ‘दिगंबर दत्ताराम रेडीज’ ऐवजी ‘सुचेता दिगंबर रेडीज’ असे करण्यात येत आहे. यानंतर ‘दिगंबर दत्ताराम रेडीज’ हे नाव कोणत्याही हाताशी जोडलेले राहणार नाही. आपली संमती आहे का?”

हे झोका घेत होते. त्यांचे ओठ अजून भाषणच म्हणत होते.

मी पुन्हा वाचलं. या वेळी इतक्या मोठ्याने की भिंगार्ड्यांच्या अंगणातल्या कुत्र्याने मान वर केली. ह्यांच्या कानावर त्यांचं नाव तीनचारदा पडलं होतं, माझ्या नावाच्या मधोमधही तेच बसलेले, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

“नीट ऐकलंत ना?” मी विचारलं.

“ऐकलं गं. हो म्हण. सारखं सारखं काय विचारतेस?”

मी हो म्हटलं.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

“झालं,” मी म्हटलं, आणि फोन त्यांच्या शेजारी ठेवून आत आले. माझ्या फोनवर वाण नोंदणीचं ॲप उघडलं. नमस्कार, सुचेता दिगंबर रेडीज. खाली चैत्री, आणि चैत्रीपुढे मी. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि पोटभर रडले. या वेळी चाललं मला.

*

सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेले नाही. परड्यात चैत्रीचा पहिला मोठा बहर खाली आला होता, रातांबे फोडायचे होते, आणि जाऊन तरी काय करणार होते? सकाळी मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की उंबरा तुम्हाला ओळखणार नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, म्हणाले, आपल्या संस्थेत आपल्याला कोण ओळखत नाही, आणि इस्त्रीचा सदरा घालून गेले.

दुपार व्हायच्या आत परत आले. गेटचा आवाज ऐकला तेव्हाच कळलं. फोनच्या काचेवर पाचसहा वेळा बोट दाबायला लावलं, असं ते म्हणाले. सगळ्यांच्या देखत. ज्याच्या घरच्या लग्नात हे पंगतीला उभे राहिले होते, त्या माणसाने, नियमच आहे काका, म्हणून त्यांना बाजूला बसवलं. उमेदवारी गेली. ते अंगणात उभे राहून यंत्राला बोलले, कंपनीला बोलले, संस्थेला बोलले, मग माझ्याकडे वळले. मी त्यांना न सांगता त्यांचं नाव पुसलं, असं म्हणाले.

“मी तुम्हाला दोनदा वाचून दाखवलं,” मी म्हटलं. “आणि तिसऱ्यांदा विचारलं.”

त्यांना आठवलं. झोपाळ्यावरची ती दुपार त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू येताना मी पाहिली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. इस्त्रीच्या सदऱ्याला पाठीवर घाम आला होता आणि माणूस एकाएकी म्हातारा दिसत होता. पण गेले कित्येक दिवस मी जिथे उभी होते, तिथेच ते आता उभे होते. ‘तुम्ही तुम्ही नाही’ असं तोंडावर ऐकून घेत.

जेवताना मी ताकाचा वाडगा सरकवला तो घेतला. नंतर बराच वेळ पडून राहिले.

उन्हं उतरायला लागली तेव्हा मी मागच्या अंगणात रातांबे फोडत बसले होते. बिया आणि रस एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात, सालांना मीठ चोळायचं. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. हे पडवीतून आले. हातात फोन होता. पायरीवर उभे राहून थोडा वेळ सालांकडे बघत होते. एक साल उचललं, जाडी बघितली, तोंडात टाकलं.

“साल चांगलं जाड आहे तुझं,” म्हणाले. मग सुधारून, “चैत्रीचं.”

मी हं म्हटलं.

ऋजुताचा फोन आला होता त्यांना. तिने नव्या नोंदणीचं पान पाठवलं होतं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर उंबऱ्याचा तो ओळखीचा चौकोन होता, कोरा, आणि वर एकच ओळ: आपले नाव लिहा.

“अगं, हे बघ जरा,” ते म्हणाले. सवयीने. आवाजात भांडण नव्हतं.

माझे हात सवयीने वर आलेसुद्धा. मग मी ते तसेच, रस गळत असलेले, त्यांच्यापासून लांब धरले.

“मी नाही लावणार,” मी म्हटलं. “माझा हात लागला, तर तुम्ही परत मीच व्हाल.”

त्यांनी फोन डोळ्यांसमोर घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग तो पायरीवर ठेवला आणि चष्मा आणायला स्वतः आत गेले.